टर्बो लावूनच ऐकवीन

१ फेब्रुवारी, रविवार

आजपासून गाडीची रोजनिशी. ही वही फक्त माझ्यासाठी. थोर लोकांनी आपले प्रयोग लिहून ठेवले. बाकीच्यांचे प्रयोग त्यांच्या बायकांनी लक्षात ठेवले.

आजची स्थिती: बॉडी तयार. दोन दारांची जुनी गाडी, रंग अजून अस्तराचाच. इंजिन रोटरी. म्हणजे आत पिस्टन वरखाली नाचत नाहीत, दोन त्रिकोणी रोटर गोल फिरतात. हे मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना चित्र काढून समजावलं आहे. हल्ली ते जिन्यात बसून जेवतात.

इंजिन मी आणि दादाने मिळून भंगारातून आणलं. दादा माझा थोरला भाऊ, छापखान्यातून रिटायर झालेला. इंजिनचे पोर्ट, म्हणजे हवा आतबाहेर जायच्या खिडक्या, त्याने स्वतः कानशीने घासून मोठे केले. सगळी थंडी तो गॅरेजच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून घासत होता. रोटरीचा तो अडखळता आवाज म्हणे या घासण्यातूनच येतो. त्यामुळे त्याला ऐकायची घाई. त्याचं म्हणणं, सायलेन्सरच्या जागी साधा पाइप लाव आणि आजच सुरू कर.

मी नाही म्हणालो. आधी टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनच्याच धुरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. टर्बोशिवाय हे इंजिन सुरू करणं म्हणजे अर्धी दाढी करून ऑफिसला जाणं.

निश्चय: फेब्रुवारीअखेर टर्बो ठरवणे.

४ फेब्रुवारी

पर्याय तीन. एक: मोठा सिंगल टर्बो. ताकद प्रचंड, पण पंखा फिरायला वेळ घेतो, त्याला लॅग म्हणतात. दोन: दोन लहान टर्बो, एक आधी जागा होतो, दुसरा मागून. लॅग नाही, पण पाइपांचं जंगल. तीन: मधल्या मापाचा एक. हा पर्याय भित्र्या लोकांसाठी असतो, पण तक्त्यात तीन रकाने लागतात म्हणून ठेवला.

मी खरेदी विभागात आहे. तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता यांच्याशिवाय आमच्याकडे झाडूसुद्धा येत नाही. लोक यावर हसतात. पण माझ्या हातून आजवर चुकीची खरेदी झालेली नाही. काही खरेद्या झाल्याच नाहीत, तो भाग वेगळा.

८ फेब्रुवारी, रविवार

वाईट बातमी. दादाच्या उजव्या कानात आत, नसेवर, गाठ आहे. गाठ साधी आहे, पण वाढतेय आणि मेंदूकडे सरकतेय. काढावीच लागेल. काढली की तो कान गेला. डावा तर लहानपणी गालगुंड झालं तेव्हाच गेलेला. म्हणजे ऑपरेशननंतर दादाला काहीही ऐकू येणार नाही.

वहिनीने हे फोनवर सांगितलं. मागून दादा म्हणत होता, बरंच झालं, आता तुझं बोलणं ऐकावं लागणार नाही. वहिनी हसली नाही.

ऑपरेशन एप्रिलच्या दहा-बारा तारखेला.

दुपारभर काही सुचलं नाही. संध्याकाळी डोकं लख्ख झालं. दादाने घासलेल्या पोर्टांचा आवाज त्याने ऐकलाच पाहिजे. आणि ऐकायचा तर पूर्ण, टर्बोसकट. आयुष्यात शेवटचं ऐकणार माणूस, त्याला का अर्धवट इंजिन ऐकवायचं? आता तर टर्बो हवाच.

बायकोला सांगितलं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिलाही भरून आलं असावं.

निश्चय: मार्चच्या पहिल्या आठवड्यात इंजिन सुरू.

१२ फेब्रुवारी

लॅपटॉपवाला येऊन गेला. हा इंजिनं ट्यून करतो, लॅपटॉपशिवाय त्याला मी पाहिलेलं नाही. त्याचं मत: पहिल्यांदा टर्बो न लावताच सुरू करा, इंजिन रुळू द्या, मग टर्बोचं बघू. शिवाय म्हणाला, टर्बो लावला की रोटरीचा आवाज दबतो, पंखा मध्ये येतो ना. तुम्हाला आवाजच ऐकवायचाय तर साधा पाइप उत्तम.

नोंद घेतली. मताला मत म्हणून किंमत आहे. पण त्याचं वय किती, अनुभव किती. माझी खरेदीतली नोकरी त्याच्या वयाइतकी आहे.

दादाचं आणि त्याचं एकमत झालं, यातच काय ते आलं. उतावळ्यांची युती लवकर होते.

१५ फेब्रुवारी, रविवार

टर्बो प्रत्यक्ष मागवण्याआधी त्याचा नमुना करून जागेवर ठेवून बघायचा, अशी पद्धत आहे. आज पुठ्ठ्याचे तीन टर्बो बनवले. मोठ्याच्या तोंडाचं माप आणि स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्याचं माप हुबेहूब एक. योगायोग नव्हे, संकेत. डबा वापरला. साखर आता पिशवीत आहे.

मोठा टर्बो बॉनेटखाली काय दिसतो! दोन लहान ठेवले तर तेही काय दिसतात! दोघांचे फोटो काढून बायकोला दाखवले. ती म्हणाली, डबा.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादा आला होता. गाडीत अजून सीट नाहीत, म्हणून लाकडी खोक्यावर स्टिअरिंग धरून बसला. आता त्याच्याशी उजवीकडून आणि जवळ जाऊन बोलावं लागतं. त्याला तक्ता दाखवला. वजन, लॅग, उष्णता, पाइपांची लांबी, एकूण अठरा निकष. त्याने चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, यात आवाजाचा रकाना कुठाय?

चांगली सूचना. एकोणिसावा रकाना घातला. मात्र त्यात काय भरायचं ते कळेना. माहिती मागवली आहे.

जाताना तो बॉनेटपाशी उभा राहिला आणि म्हणाला की पाइप तर इथेच पडलाय, चार नट, अर्ध्या तासाचं काम आहे. मी म्हटलं, दादा, एवढी वर्षं थांबलास, अजून चार दिवस. तो म्हणाला, काल कुकरची शिट्टी ऐकू आली नाही, पहिल्यांदाच.

मी म्हटलं, आमच्या कुकरची मलाही येत नाही.

२८ फेब्रुवारी

महिनाअखेर. टर्बो ठरला नाही. याला अपयश म्हणायचं नाही. पहिली मुदतवाढ नियमात बसते.

४ मार्च

ठरला! मोठा सिंगल. निर्णय घेतल्यावर छातीवरचं ओझं उतरलं. आज ऑफिसात दोघांना विनाकारण रजा मंजूर केली.

६ मार्च

ट्विन जास्त बरे पडले असते का?

८ मार्च, रविवार

मोठा टर्बो आला. पुठ्ठ्यापेक्षा जड आहे. बाकी शंका नाही. ट्विनचा विचार मनातून काढून टाकला. सकाळपासून तीनदा काढला.

दादाचा फोन वहिनीने लावून दिला. त्याला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून तो बोलतो आणि मी ऐकतो. गंमत आहे, जन्मभर उलटं चालत होतं. त्याने एवढंच विचारलं, कधी? मी तारीख सांगितली. त्याने पुन्हा विचारलं, कधी? मी ओरडून सांगितली. शेजारच्यांना कळली, त्याला कळली की नाही माहीत नाही.

११ मार्च

वेल्डर कामाला लागला. इंजिनपासून टर्बोपर्यंत धूर नेणारा जाड पाइप, मॅनिफोल्ड म्हणतात त्याला, तो बनवायचा. इंजिन जागेवरून उचलून चेन-पुलीवर लटकवून ठेवलं आहे, त्यामुळे चारी बाजूंनी हात जातो. वेल्डर म्हणाला, असंच लटकू दे, खाली जागेवर बसवलं तर मला आडवं पडून वेल्डिंग करावं लागेल. मीही तेच म्हणणार होतो. दोघांचं एकमत. काम कसं व्हावं याचा हा नमुना आहे.

मॅनिफोल्ड अप्रतिम झाला. वळणं अशी की बघत राहावं. मी अर्धा तास बघत राहिलो. वेल्डर हात धुऊन घरी गेला.

१४ मार्च, शनिवार

इंजिन जागेवर बसवलं. बसलं. बोटभर खाली बसलं. लटकलेलं असताना ते बोटभर वर होतं, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. आता टर्बो स्टिअरिंगच्या दांड्याला भिडला आहे. दांड्याच्या सांध्यावरचा बोल्ट फिरता फिरता टर्बोवर आपटतो.

परिणाम: गाडी डावीकडे बऱ्यापैकी वळते. उजवीकडे जरा वळून थांबते.

घाबरण्याचं कारण नाही. तीनदा डावीकडे वळलं की उजवीकडे वळल्यासारखंच होतं. हे भूमितीने सिद्ध करता येतं. बायकोला कागदावर सिद्ध करून दाखवलं. ती म्हणाली, हॉस्पिटल उजवीकडे आहे.

१५ मार्च, रविवार

दादा आला. मी त्याला घाईघाईने डावीकडे वळवून दाखवलं. त्याने स्वतः चाक धरून उजवीकडे वळवलं. ठक्. तो आवाज त्याला आला नाही, पण हाताला कळलं. वाकून आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून टर्बोवरची धूळ पुसली.

असा पुसला की मला एकदम राग आला. बोलायचं होतं तर बोलायचं. मी म्हटलं, काय चुकलं असेल तर स्पष्ट सांग. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणायची हिंमत झाली नाही.

१७ मार्च

मॅनिफोल्ड कापला. नवीन बनवायचा, टर्बो वर उचलायचा. वर उचलला तर बॉनेट बंद होत नाही. बॉनेटला भोक पाडायचं. भोक पाडलं तर पाणी जातं. सगळ्याला उपाय आहे. एकच आहे, प्रत्येक उपायाला शनिवार लागतो आणि शनिवार आठवड्यातून एकदाच येतो.

बायको आज स्वयंपाकघरातूनच बोलली. तिचं म्हणणं, ठरवणं म्हणजे काय हे मला कळलेलं नाही, मी फक्त लांबवतो. शांतपणे म्हणाली. भांडी आदळली असती तर उत्तर देता आलं असतं.

२१ मार्च, शनिवार

ऐतिहासिक दिवस. मी मोठा टर्बो रद्द केला. त्याऐवजी मधला. हो, तिसरा पर्याय. लहान आहे, दांड्याला लागत नाही, बॉनेटला लागत नाही. भित्र्यांचा असं मी मागे लिहिलं होतं. माणसाने शब्दात अडकून पडू नये.

वेल्डरने विचारलं, हे मागच्या महिन्यात का नाही सुचलं? मी म्हटलं, मागच्या महिन्यात माझ्याकडे मागच्या महिन्याचा अनुभव नव्हता. तो विचारात पडला.

मधला टर्बो पाच तारखेला येईल. सहाला बसवू. सातला सुरू. ऑपरेशन दहाला. तीन दिवस हातात. अशी बिनचूक आखणी मी ऑफिसातही केलेली नाही.

२७ मार्च, शुक्रवार, दुपार

वहिनीचा ऑफिसात फोन. मोठ्या डॉक्टरांना परदेशी जायचं आहे, ऑपरेशन अलीकडे घेतलं. ३१ मार्च, मंगळवार. सोमवारी दुपारी भरती.

आखणी बिनचूक होती. तारखेनेच शिस्त पाळली नाही.

साहेबांच्या सहीच्या जागी माझी सही केली.

वहिनी फोन ठेवता ठेवता म्हणाली, भाऊजी, ते रोज विचारतात. मी काय सांगू? मी म्हटलं, सांग, रविवारी. पक्कं. तिने हो म्हटलं, पण तिच्या हो मध्ये दम नव्हता.

२८ मार्च, शनिवार

टर्बो नाही. पाच तारखेशिवाय येत नाही. दुकानदाराला इतके फोन केले की त्याने माझा फोन उचलणं सोडलं.

लॅपटॉपवाला आला. म्हणाला, काढा सगळं, लावा साधा पाइप. मी विरोध केला नाही. तात्पुरती व्यवस्था म्हणून मान्यता दिली. चार नट. अर्धा तास लागला नाही.

तेल भरलं, पेट्रोल भरलं, त्याने लॅपटॉप जोडून काय ते पाहिलं. म्हणाला, उद्या सुरू होईल, मी अकराला येतो, मी आल्याशिवाय हात लावू नका. आणि एक गोष्ट दोनदा सांगितली: रोटरी थंड असताना सुरू केली तर लगेच बंद करायची नाही. चांगली गरम होऊ द्यायची. लगेच बंद केली की आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात, मग ती मनधरणी करूनही सुरू होत नाही.

मी म्हटलं, हे मला माहीत आहे. माहीत होतंच.

दादा उद्या दहाला येणार. आज जेवण गेलं नाही. पण उद्या. उद्या तो ऐकेल.

२९ मार्च, रविवार, सकाळी

सात वाजता गॅरेजमध्ये गेलो. हात लावायचा नव्हता. नुसतं बघायचं होतं. पण दादासमोर किल्ली फिरवली आणि सुरू झाली नाही तर? तो खोक्यावर बसलाय, वहिनी बाजूला उभी आहे, आणि इंजिन नुसतं कण्हतंय. हे चित्र डोळ्यांसमोरून जाईना. एकदा खात्री करून घेतली की झालं. नुसती खात्री.

किल्ली फिरवली. सुरू झाली!

सुरू झाली. माझी नजर तेलाच्या काट्यावर होती. काटा चढला. छान चढला. आणि माझ्या मनात आलं की दादाच्या आधी मी ऐकणं बरोबर नाही, हा मान त्याचा. म्हणून लगेच बंद केली.

बंद केल्यावर कळलं मी काय केलं.

रविवार, संध्याकाळी

नाही सुरू झाली.

दादा दहाला आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खोक्यावर नाही, समोर स्टूल घेऊन बसला, उजवा कान इंजिनकडे करून. मी किल्ली फिरवली. नुसती घरघर. पुन्हा घरघर. लॅपटॉपवाला अकराला आला, वास घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, सकाळी कुणी सुरू केली होती? मी सांगितलं. त्याने लॅपटॉप उघडलाच नाही, सरळ पाना हातात घेतला.

प्लग काढले. चारही ओले. पुसले, तापवले, लावले. घरघर. पुन्हा काढले. इंजिनमधलं पेट्रोल बाहेर पडावं म्हणून प्लग नसतानाच सेल मारला. जमिनीवर पेट्रोल, गॅरेजभर वास. पुन्हा लावले. घरघर बारीक होत गेली. दुपारी बॅटरी बसली. शेजारच्यांच्या गाडीची बॅटरी आणली. ती लहान पडली.

दादा पूर्ण वेळ तसाच बसून. मान एका बाजूला. वहिनीने दोनदा घरी चला म्हटलं. तो हात हलवायचा, थांब म्हणून. प्रत्येक वेळी मी किल्लीला हात लावला की पुढे सरकायचा. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी वाकून राहिलो. विनाकारण एक नट सोडवला आणि पुन्हा आवळला.

निघताना त्याने विचारलं, सकाळी सुरू झाली होती म्हणे? मी मान डोलावली. कशी वाजली?

मी आठवून पाहिलं. तेलाचा काटा आठवला. कुठून कुठे गेला तेही आठवलं. आवाज आठवेना. मी ऐकलाच नव्हता.

त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, ऑइल प्रेशर उत्तम आहे.

३० मार्च, सोमवार

रजा टाकली. नवे प्लग आणायला दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. दुकानात या मापाचे प्लग नाहीत. रोटरीचे वेगळे असतात. तिसऱ्या दुकानात दोन मिळाले, लागतात चार. दोन नवे, दोन जुने लावले. बॅटरी चार्जिंगला. चार्जिंगवाला म्हणाला, संध्याकाळी न्या. मी त्याला सगळं सांगितलं, भाऊ, कान, ऑपरेशन. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, बॅटरीला हे कळत नाही हो.

दोन वाजता दादा भरती झाला. हॉस्पिटल उजवीकडेच आहे. रिक्षाने गेले.

निश्चय: काही नाही.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी साडेसहाला हॉस्पिटलमध्ये. दादाला हिरवा गाऊन घातला होता. उजव्या बाजूचे केस काढले होते. वॉर्डात सहा खाटा, सगळ्यांची माणसं आलेली. नर्स म्हणाली, आता न्यायला येतील, बोलून घ्या.

वहिनी बोलली. काय बोलली ते मी ऐकलं नाही, बाहेर गेलो होतो. मग मला आत बोलावलं. दादाने मला उजव्या बाजूला बसवलं आणि म्हणाला,

"गाडी राहू दे. तू लहानपणी तोंडाने काढायचास तसा आवाज काढ. ती जशी वाजली असेल तसा."

लहानपणी मी काढायचो. ट्रकचा, मोटरसायकलचा, वळणावरचा, घाटातला. दादा डोळे मिटून ओळखायचा.

मी इकडे तिकडे पाहिलं. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ माझ्याकडेच बघत होते. त्यांची सून होती. नर्स होती. मी खरेदी विभागाचा अधिकारी आहे. शिवाय काढणार कसा? मला आवाज माहीतच नव्हता. चुकीचा काढून चालणार नव्हतं, आज तरी नाही. म्हणून मी म्हटलं, दादा, काढतो, पण आधी एक ऐक, म्हणजे तुला आवाज नीट समजेल. त्याचं असं आहे की सिंगल टर्बो असता तर.

आणि मी सांगत सुटलो. लॅग सांगितला. ट्विनला पाइप किती लागतात ते सांगितलं. मधला का निवडला, त्यामागची भूमिका सांगितली. थांबायला हवं होतं. थांबलो की आवाज काढावा लागणार होता. दादा ऐकत होता. मान एका बाजूला करून, रविवारी इंजिनसमोर बसला होता तसाच. मध्ये एकदा त्याने हाताने खूण केली, पुरे, आता काढ. मी म्हटलं, शेवटचा मुद्दा.

स्ट्रेचरवाले आले.

त्यांनी त्याला उचललं, चादर नीट केली. मी बाजूबाजूने चालत होतो. दाराशी नर्सने मला अडवलं. दार दोन्ही बाजूंनी झुलतं आहे, ते बराच वेळ झुलत राहिलं.

दादाने या जगात शेवटचं जे ऐकलं ते मधल्या मापाच्या टर्बोबद्दल होतं. आणि ते मी बोललो.

७ एप्रिल

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ पूर्ण निघाली. डॉक्टर खूश. दादा जिवंत आहे, हातपाय ठीक आहेत, चेहरा किंचित वाकडा आहे, तो सुधारेल म्हणतात. सगळे म्हणतात देव पावला. मीही म्हणतो.

मधला टर्बो आला. खोकं उघडलं नाही.

१९ एप्रिल, रविवार

दादा आला. वहिनीचा खांदा धरून चालतो, तोल सांभाळायला शिकतोय. डोक्याला पट्टी. वहिनीच्या पिशवीत पाटी आणि खडू. त्याला काही सांगायचं तर त्यावर लिहायचं.

मी बोलावलं नव्हतं. बोलवायचं धाडस नव्हतं. तोच म्हणाला, गॅरेजमध्ये चल.

चार नवे प्लग, नवी बॅटरी, साधा पाइप. किल्ली फिरवली. पहिल्याच सेलला सुरू झाली.

या वेळी मी काट्याकडे बघितलं नाही. ती आधी अडखळली. एक ठोका, मग गॅप, मग दोन ठोके घाईघाईने, पुन्हा गॅप. वाटलं बंद पडणार. पडली नाही. फळीवरचे पाने थरथरले. समोरच्या घरातलं कुणीतरी खिडकीत आलं. जरा पेट्रोल दाबलं तर सगळे ठोके एकमेकांच्या मागे धावत आले आणि एक सलग आवाज झाला, पातळ, धारदार, वर वर चढणारा, आणि सोडल्यावर पुन्हा तेच अडखळणं. एवढा सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. मला रडू फुटलं. आवरेना.

दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. हल्ली तो सगळ्यांच्या तोंडाकडेच बघतो. त्याने मोठ्याने विचारलं, "बिघडलंय का काही?"

मी पाटी घेतली. लिहिलं, नाही, चांगली वाजतेय.

त्याने वाचलं. "चांगली म्हणजे कशी?"

मी पुसून पाटी कोरी केली. खडू टेकवला. टर्बोवर मी या वहीत पानंच्या पानं लिहिली आहेत, तक्त्यात एकोणीस रकाने आहेत. खडू तिथेच राहिला. इंजिन चालू होतं. वहिनी वाट बघत होती, दादा वाट बघत होता. मी तोंडाने काढून पाहिला, आता मला येत होता, हुबेहूब येत होता. दादाला माझे ओठ हलताना दिसले. त्याने वहिनीकडे पाहिलं, काय म्हणतोय हा? वहिनीने मान वळवली.

मग दादाच म्हणाला, राहू दे. बंद कर, उगाच पेट्रोल जळतंय.

मी बंद केली.